सोळा हात पाणी : एका अलेक्झांड्रियन नाण्याच्या चुकलेल्या कालनिश्चितीचा प्रकरण अभ्यास

प्रस्तुत प्रकरणातील नाणे हेड्रियन या रोमन सम्राटाच्या कारकिर्दीत (इ. स. ११७ ते १३८) अलेक्झांड्रियाच्या टाकसाळीत पडलेले ब्राँझचे ड्राख्मा आहे. त्याचे वजन २२.४ ग्रॅम आणि व्यास ३४ मिलिमीटर आहे; म्हणजे जुन्या चांदीच्या बंद्या रुपयाच्या जवळजवळ दुप्पट वजन तळहातावर जाणवते. दर्शनी बाजूस सम्राटाचे उजवीकडे पाहणारे मुख असून डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ आहे आणि भोवती ग्रीक लेख आहे, ज्यातील ‘आद्रियानोस’ एवढाच शब्द आज सलग वाचता येतो. पृष्ठबाजूस नाईल नदीचा देव मगरीवर रेलून डावीकडे पाहत बसला आहे, त्याच्या एका हातात धनधान्याचे शिंग आणि दुसऱ्या हातात बोरूचे ताट आहे. त्याच्या डोक्याच्या वरच्या अंगाला दोन अक्षरे आहेत. पुढील सर्व घोळ या दोन अक्षरांनी घातला.

मी इंग्लंडमध्ये नोकरीनिमित्त राहतो आणि रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील प्रांतांत पडलेली नाणी, म्हणजे ज्यांना संग्राहक ‘प्रांतिक नाणी’ म्हणतात ती, गेली अकरा वर्षे जमवत आहे. खुद्द रोमच्या टाकसाळीतील चांदीच्या डिनेरियसला गिऱ्हाईक पुष्कळ असते. प्रांतिक ब्राँझ मात्र घासलेले, मळकट आणि ग्रीक लेखाचे असल्यामुळे अनेकदा टोपलीत पडून राहते. मलाही हे नाणे अशाच टोपलीत ३८ पौंडांना मिळाले. त्याच्यासोबत कागदाचे एक पिवळट पाकीट होते, त्यावर शाईने इंग्रजीत लिहिले होते: ‘हेड्रियन, अलेक्झांड्रिया, नाईल, वर्ष १६’. खाली पेन्सिलीने खरेदीचे साल १९६४ असे नोंदवले होते. इजिप्तने १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापारच बंद केलेला असल्याने नाणे त्याच्या कितीतरी आधीपासून देशाबाहेर असल्याचा असा कागद संग्राहकाला नाण्याइतकाच मोलाचा वाटतो. कागद मोलाचा होता म्हणून त्यावरील वाचनही मी मोलाचे मानले, आणि चुकीला तिथूनच सुरुवात झाली.

वर्ष वाचण्याची रीत

अलेक्झांड्रियाच्या नाण्यांचे मोठे आकर्षण हे की त्यांतील बहुतेकांवर वर्ष असते. रोममधील नाण्याचा काळ सम्राटाच्या पदव्यांवरून, त्याच्या कितव्या कॉन्सलपदावरून, असा आडवळणाने काढावा लागतो. इजिप्तमध्ये मात्र टॉलेमी राजांच्या काळापासून राज्यवर्ष नाण्यावर घालण्याची पद्धत होती आणि रोमनांनी ती तशीच चालू ठेवली. वर्षासाठी रोमन ‘एल’सारखी दिसणारी एक खूण असते. ती इजिप्तमधील लेखनिकांची ‘वर्ष’ या शब्दाची जुनी खूण आहे, लॅटिन अक्षर नव्हे. त्या खुणेपुढे ग्रीक अक्षरांत आकडा येतो: आल्फा म्हणजे एक, बीटा म्हणजे दोन, इओटा म्हणजे दहा, काप्पा म्हणजे वीस. सहासाठी स्टिग्मा नावाची खूण वापरतात, जी आपल्या डोळ्यांना इंग्रजी ‘एस’सारखी दिसते. नऊसाठी थीटा हे अक्षर असले तरी कित्येकदा टाकसाळ नववे वर्ष आकड्याऐवजी ‘एनातू’ असे शब्दांत लिहिते. ‘थानातोस’ म्हणजे मृत्यू या शब्दाचे आद्याक्षर सम्राटाच्या नाण्यावर नको, असे त्याचे कारण सांगितले जाते. आपल्याकडे दुकान बंद न म्हणता ‘वाढवतात’, त्यातलाच हा प्रकार.

वर्ष मोजण्याचा हिशोबही ध्यानात घ्यावा लागतो. इजिप्तचे नवे वर्ष २९ ऑगस्टला, आणि रोमन लीप वर्षाच्या आधीच्या साली ३० ऑगस्टला, सुरू होत असे. सम्राट कोणत्याही दिवशी गादीवर आला तरी त्या दिवसापासून पुढच्या नववर्षापर्यंतचा काळ हे त्याचे पहिले वर्ष धरले जाई. हेड्रियन ११ ऑगस्ट ११७ रोजी सम्राट झाला, त्यामुळे इजिप्तमध्ये त्याचे पहिले वर्ष अवघ्या अठरा दिवसांचे ठरले आणि २९ ऑगस्ट ११७ ला दुसरे वर्ष लागले. या मोजणीने सोळावे वर्ष १३१ च्या ऑगस्टअखेरीस सुरू होते आणि १३२ च्या ऑगस्टअखेरीस संपते.

पाकिटावर ‘वर्ष १६’ होते. नाण्यावर इओटा आणि स्टिग्मा, म्हणजे दहा आणि सहा, भिंगाशिवाय दिसत होते. माझ्या नोंदवहीत मी ‘१३१/१३२’ असे लिहून टाकले.

जुळून आलेली कथा

चूक केवळ नोंदवहीत राहिली असती तर तिच्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण १३१ हे साल हेड्रियनच्या चरित्रात रिकामे नाही. १३० साली तो इजिप्तच्या दौऱ्यावर होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्याचा लाडका तरुण सोबती अँटिनोअस नाईलमध्ये बुडून मरण पावला. अपघात की आत्महत्या की सम्राटासाठी दिलेला बळी, यावर प्राचीन लेखकांपासून वाद आहे. हेड्रियनने त्या जागी अँटिनोओपोलिस हे शहर वसवले आणि मृताला देवत्व दिले. पुढे काही वर्षांनी अलेक्झांड्रियाच्या नाण्यांवरही त्याची प्रतिमा आली. अँटिनोअसच्या मृत्यूनंतरचा नाईलचा पहिला पूर १३१ च्या उन्हाळ्यात चढला आणि सप्टेंबरात शिगेला पोचला असणार, म्हणजे नेमका सोळाव्या वर्षाच्या तोंडावर.

ज्या नदीने सम्राटाचे माणूस गिळले तीच नदी पुढच्या वर्षी त्याच्या नाण्यावर प्रसन्न मुद्रेने रेलून बसते, ही कल्पना मला इतकी भावली की येथील मराठी मंडळाच्या एका संध्याकाळी मी त्यावर अर्धा तास बोललो. अँटिनोअसच्या पुतळ्यांची चित्रे दाखवली, नाण्याचे मोठे केलेले छायाचित्र दाखवले आणि इओटा–स्टिग्मावर बाण काढून ‘हे पाहा सोळावे वर्ष’ असे ठासून सांगितले.

कार्यक्रम संपल्यावर सत्तरीच्या पुढचे एक काका चहाचा कप घेऊन जवळ आले. त्यांचा संग्रह मोगल आणि मराठा काळातील रुपयांचा. ग्रीक त्यांना येत नाही. ते म्हणाले, “छान बोललात. पण एक विचारू? आमच्या रुपयावर जुलूसी सनाचा, म्हणजे बादशहाच्या राज्यवर्षाचा, आकडा सुटा कधी नसतो, ‘सनह’ शब्दाला चिकटून असतो. हिजरी सनाचा आकडा वेगळ्या बाजूला. दोन आकडे दिसले की कोणता कशाचा, हे शब्दावरून ठरतं. तुमची ती वर्षाची खूण तुम्हीच मघाशी सांगितलीत. ती या सोळाच्या आधी कुठे आहे?”

ती नव्हती. मी पडद्यावरचे छायाचित्र पुन्हा पाहिले. बाणाच्या टोकाशी इओटा आणि स्टिग्मा होते आणि त्यांच्या डावीकडे मोकळी जागा होती, जिथे काही झिजून गेल्याचीसुद्धा चिन्हे नव्हती. गेली अकरा वर्षे मी ज्या खुणेवरून नाणी लावत आलो होतो तिचाच विसर मला या एका नाण्यापुरता पडला होता, कारण पाकिटावरची शाई आणि अँटिनोअसची कथा या दोघांनी मिळून माझ्यासाठी नाणे आधीच वाचून ठेवले होते. (काकांच्या रुपयांवर राज्यारोहणाचे पहिले वर्ष पुष्कळदा आकड्याने न लिहिता ‘अहद’ या शब्दाने लिहितात, हे त्यांनी मला त्याच संध्याकाळी शिकवले. अलेक्झांड्रियाचे नववे वर्ष त्यांना मी शिकवले आणि हिशोब थोडासा बरोबरीत आणला.)

सोळा कशाचे

मग हे सोळा कशाचे? याचे उत्तर अलेक्झांड्रियन नाण्यांच्या अभ्यासकांना जुनेच आहे आणि मी ते वाचलेलेही होते. तो आकडा वर्षाचा नाही, पाण्याचा आहे. नाईलच्या पुराची उंची नीलमापकावर, म्हणजे नदीकाठच्या खुणा केलेल्या पायऱ्यांवर किंवा स्तंभावर, हातांत मोजत. इजिप्तचा हात सुमारे ५२ सेंटिमीटरांचा. प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे की बारा हात पाणी चढले तर प्रांत उपाशी मरतो, तेरा हातांनाही भूक राहते, चौदा हात आनंद आणतात, पंधरा हात निर्धास्तपणा आणि सोळा हात म्हणजे चैन. त्याहून कमी झाले तर उंचावरची शेते कोरडी राहत, फार जास्त झाले तर पाणी वेळेत ओसरत नसे आणि पेरणी लांबे. रोममध्ये १५१३ साली सापडलेला आणि आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात असलेला नाईलचा संगमरवरी पुतळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना नदीदेवाच्या अंगाखांद्यावर चढणारी बालके आठवतील. ती सोळा आहेत.

मराठी वाचकाला हे समजावण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. आपल्याकडे पिकाचा अंदाज आणेवारीने बांधत आणि पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. पुढे रुपयाचे शंभर पैसे झाल्यावर तिची पैसेवारी झाली, पण पन्नास पैशांच्या आत गावाची पैसेवारी आली की आजही सारामाफी आणि सवलतीची चर्चा सुरू होते. नीलमापकाचाही महसुलाशी असाच थेट संबंध होता, कारण पाणी किती जमिनीवर पोचले त्यावर त्या वर्षाचा सारा ठरे. नाईल किती हात चढली, हा प्रश्न इजिप्तच्या शेतकऱ्याने आणि कारकुनाने सारख्याच काळजीने विचारलेला असणार.

नाण्याची फेरतपासणी

वर्षाची खूण सोळाच्या आधी नाही, तर ती अन्यत्र असायला हवी होती. अशा नाण्यांवर ती बऱ्याचदा मुख्य चित्राखाली, आडव्या रेषेच्या खालच्या अरुंद पट्टीत असते. माझ्या नाण्यावर त्या पट्टीत तपकिरी, दगडासारखा कडक मळ बसला होता. त्याला चिंच लावावी असा मोह आपल्या घरात वाढलेल्या कोणालाही होईल, कारण तांब्यापितळेची भांडी आपण तशीच लख्ख केली आहेत. पण आम्लाने ब्राँझवरचा अनेक शतकांचा हिरवट-काळा थर जातो आणि त्याच थरात अक्षरांच्या कडा टिकलेल्या असतात. लख्ख झालेले नाणे हे संग्राहकाच्या दृष्टीने सोललेले नाणे होय. मी ते ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवले, पाणी दर दोन दिवसांनी बदलले आणि तीन आठवड्यांनी बांबूच्या टोकदार काडीने भिंगाखाली मळाचा एकेक कण उचलायला घेतला. धातूची सुई वापरली नाही. सुईचा एक ओरखडा पडला की पुढे कोणालाही त्याचे अक्षर वाटू शकते.

चौथ्या दिवशी टेबलावरचा दिवा अगदी आडवा करून, नाणे बोटांनी सावकाश फिरवत असताना पट्टीच्या डाव्या टोकाला काटकोन दिसला: उभी रेघ आणि तिच्या पायाशी उजवीकडे जाणारी आडवी रेघ. तीच वर्षाची खूण. दिवा वरून पडला की ती दिसेनाशी होत होती आणि बाजूने पडला की सावलीच्या रूपाने उमटत होती. तिच्यापुढे अंतर सोडून आणखी एक उभी रेघ आणि तिच्या मध्यातून फुटलेल्या दोन तिरक्या शाखा होत्या. हे इओटा नव्हते, काप्पा होते. आकडा दहाच्या घरातला नसून विसाच्या घरातला होता.

काप्पाच्या उजवीकडे, जिथे दुसरा अंक असू शकतो तिथे, धातू खोलगट झिजलेला असून त्यात एक तिरकी रेघ तेवढी उरली आहे. ती आल्फाची डावी बाजू असू शकते, बीटाच्या कण्याचा वाकलेला अवशेष असू शकते आणि जुना ओरखडाही असू शकते.

येथे कारकिर्दीच्या शेवटाने मदत केली. हेड्रियन १० जुलै १३८ रोजी मरण पावला, म्हणजे त्याच्या बाविसाव्या वर्षात. त्यामुळे विसाच्या घरातील आकडे तीनच शक्य आहेत: काप्पा एकटा, काप्पा–आल्फा आणि काप्पा–बीटा. वीस, एकवीस किंवा बावीस. नाण्याचा काळ १३५ च्या ऑगस्टअखेरीपासून १३८ च्या जुलैपर्यंत, म्हणजे माझ्या आधीच्या नोंदीपेक्षा चार ते सहा वर्षांनी पुढे सरकला. अँटिनोअसच्या बुडण्याशी या नाण्याचा थेट संबंध उरला नाही.

दुसरा मोह

अँटिनोअस गेला, पण १३५ ते १३८ या तीन वर्षांनी माझ्यापुढे लगेच दुसरी कथा उभी केली, आणि ही पहिलीपेक्षा अधिक भक्कम आहे. ३१ मे १३६ रोजी, म्हणजे हेड्रियनच्या विसाव्या वर्षात, काढलेल्या त्याच्या एका आज्ञापत्राच्या प्रती पपायरसवर टिकून आहेत. त्यात सम्राट म्हणतो की गेल्या वर्षीप्रमाणे याही वर्षी नाईल पुरेशी चढली नाही असे आपल्याला कळले आहे. त्याआधीच्या वर्षांत मात्र पूर भरपूर, जवळजवळ अपूर्व असे आले होते. म्हणून त्या वर्षीचा रोख सारा हप्त्यांनी भरण्याची मुभा देण्यात येत आहे: वरच्या इजिप्तमधील थेबाइडला पाच वर्षांत, मधल्या जिल्ह्यांना चार वर्षांत आणि खालच्या त्रिभुज प्रदेशाला तीन वर्षांत.

सारा माफ नव्हे, हप्ते. हा भेद शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज नाही.

आता माझे नाणे विसाव्या वर्षाचे असेल, तर ज्या साली सम्राट स्वतः पाणी कमी पडल्याचे मान्य करत होता त्याच साली त्याची टाकसाळ सोळा हात पाण्याची ग्वाही देत होती. ते एकविसाव्या वर्षाचे असेल, तर दोन वर्षांच्या तुटीनंतरच्या पुराकडे लागलेले डोळे त्यात पाहता येतात. दोन्ही अर्थ मोहक आहेत आणि तूर्त दोन्ही मला वर्ज्य आहेत.

एक गोष्ट मात्र त्या तिरक्या रेघेवर अवलंबून न राहता म्हणता येते. नाईलदेवाच्या शेजारचा सोळा हा आकडा एकाच सम्राटाच्या किंवा एकाच वर्षाच्या नाण्यांपुरता मर्यादित नाही. हेड्रियननंतर गादीवर आलेल्या अँटोनायनस पायसच्या ड्राख्म्यांवरही तो येतो. इतक्या वेळा नदी नेमकी सोळाच हात चढली असे कोणी मानू नये. आपल्या दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजनात ‘शुभ–लाभ’ लिहितात तेव्हा त्या वर्षी नफाच झाला असे कोणी म्हणत नाही, तसेच हे सोळा आहेत: मोजलेले पाणी नव्हे, मागितलेले पाणी. म्हणून आज्ञापत्र आणि नाणे यांच्यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. सवलतीचा हुकूम कारकुनासाठी होता आणि नाणे देवासाठी होते.

हे मागणे कोणासमोर मांडलेले होते, हाही विचार करण्याजोगा भाग आहे. इजिप्तचे चलन रोमनांनी उर्वरित साम्राज्यापासून वेगळे ठेवले होते. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याला आपली नाणी स्थानिक नाण्यांत बदलून घ्यावी लागत आणि अलेक्झांड्रियाची नाणी इजिप्तबाहेर चालत नसत. तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जी जहाजे भडोच आणि कल्याणकडे निघत ती डिनेरियस आणि सोन्याचे ऑरियस घेऊन येत, त्यामुळे भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांत या नाईलदेवाची गाठ पडण्याची अपेक्षा धरू नये. सोळाचा हा आकडा ज्यांच्या शेतात ते पाणी शिरणार होते त्यांच्याच हातांत फिरत होता.

सद्यःस्थिती

तिरक्या रेघेचा निकाल लावण्याचा एक मार्ग शिल्लक आहे. प्राचीन नाणी हाताने कोरलेल्या ठशांवर हातोडा मारून पाडत आणि एका ठशातून पुष्कळ नाणी निघत. माझ्या नाण्याची पृष्ठबाजू ज्या ठशाची आहे त्याच ठशाचे, पण तळाची पट्टी शाबूत असलेले दुसरे नाणे मिळाले तर वर्ष वाचता येईल. केवळ दर्शनी ठसा जुळून भागणार नाही, कारण सम्राटाच्या मुखाचा ठसा नववर्षाच्या अलीकडे आणि पलीकडेही वापरात राहू शकतो. मी मगरीच्या शेपटीचे वळण, शिंगाच्या टोकाचे इओटापासूनचे अंतर आणि बोरूच्या ताटाच्या पानांची संख्या कागदावर टिपून ठेवली आहे आणि संग्रहालयांच्या व लिलावांच्या छायाचित्रांशी ती ताडून पाहत आहे. आतापर्यंत सहा नाण्यांवर थांबलो. सहाही वेळा शेपटी जुळली नाही.

नोंदवहीतील जुनी ओळ मी खोडली नाही, तिच्याखाली नवी लिहिली: ‘वर्ष २०, २१ किंवा २२, इ. स. १३५–१३८, सोळा हा पाण्याचा आकडा’. १९६४ चे पाकीटही तसेच ठेवले आहे, कारण त्यावरील वाचन चुकीचे असले तरी साल खरे आहे, आणि त्याच्यासोबत माझी नवी चिठ्ठी ठेवली आहे. गेल्या महिन्यात काका घरी आले तेव्हा त्यांनी स्वतःचे भिंग काढून बराच वेळ तो कोपरा पाहिला आणि आल्फाच आहे असे सांगितले. मला अजून तो ओरखडा वाटतो. चिठ्ठीवरील आकडे पेन्सिलीने लिहिले आहेत.